आधी पाचर, मग मोटार



आज पिकाची नोंद नाही, लाकडाची आहे. पण सुरुवात पिकापासूनच करावी लागते.

गेल्या खरिपातली गोष्ट. सोयाबीन बावीस दिवसांचं झालेलं. आठ दिवसांच्या झडीनंतर उघाड पडली आणि तिसऱ्या दिवशी वापसा आला. बैल जुंपले, कोळपं धरलं, अन् चौथ्याच तासाला रुमणं बुडातून मोडलं. गावातले सुतारमामा आता सत्तरीच्या पुढं गेलेत, नजर कमी झाली म्हणून हत्यारं ठेवून दिलेली. त्यांचा मुलगा पुण्याला फर्निचरच्या कामावर. हदगावात मिस्त्री आहेत, पण मला भेटले ते सगळे प्लायवूडवाले. किचन ट्रॉली विचारा, टीव्हीचं युनिट विचारा. रुमणं म्हणजे काय हे त्यांना हातवारे करून सांगावं लागलं. या फिरण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी परत पाऊस. पुढचे बारा दिवस रानात पाय ठेवता आला नाही. केना आणि शिप्पी सोयाबीनच्या डोक्यावर गेली. शेवटी तीन एकराला बाया लावून खुरपणी केली. एका लाकडाच्या दांडक्यापायी.

पूर्वी हे असं होत नव्हतं. सुगीला खळ्यावरून सुताराचा वाटा गेला की वर्षभराची औतं त्यानं भरायची, हा ठरलेला व्यवहार. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिलं, त्यात बलुतेदारांमध्ये सुतार आहेच. आता बलुतं गेलं, ते गेलं ते बरंच झालं म्हणा. पण सुतार गेला आणि औत राहिलं, ही आमची अडचण. म्हणून ठरवलं, आपली छोटी शेड आपणच उभी करायची.

पहिली चूक आधी सांगतो

शेड वगैरे नंतर. त्या वेळी घाईत मी एका मित्राचं ग्राइंडर आणलं, लोखंड कापायचं असतं ते. त्याला लाकडाचं दातेरी पातं लावलं. पुष्कळ जण लावतात, मीही लावलं. ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे फिरतं. बाभळीच्या गाठीत पातं अडकलं, मशीन हातातून उसळली आणि मांडीवरची पँट चिरत गेली. कातडीला नुसता ओरखडा. दोन बोटं आत असतं तर ही नोंद लिहायला मी नसतो. घरी सांगितलं नव्हतं, पण फाटकी पँट धुवायला पडली. बायको एवढंच म्हणाली, "रुमणं विकत मिळतंय. हात कुठं मिळतोय?"

हे वाक्य डोक्यात ठेवून पुढची सगळी खरेदी केली. तुम्हीही ग्राइंडरला लाकडाचं पातं लावत असाल तर आजच काढून टाका. एवढं ऐकलं तरी या नोंदीचं काम झालं.

लाकूड

बांधावरची एक जुनी बाभूळ त्याच वर्षी ज्येष्ठातल्या वावधानात उन्मळून पडली होती. सुतारमामांना दाखवली. म्हणाले, "बापू, लगेच चिरायची नाही. पावसाळाभर पाण्यात टाक." ओंडके नाल्याच्या डोहात दगड ठेवून बुडवले, दिवाळीपर्यंत. बाभळीच्या वरच्या पांढऱ्या लाकडात किडा फार लवकर लागतो, त्याचं खाणं म्हणजे लाकडातलं पिठूळ सत्त्व. पाण्यात राहिलं की ते बरंच निघून जातं. आतला लाल गाभा तसाही टिकाऊ.

दिवाळीनंतर परवाना असलेल्या आरा मशीनवर दीड आणि तीन इंची फळ्या काढल्या. शेडमध्ये एकावर एक, मध्ये इंचभर पट्ट्या देऊन रचल्या, वर वजन ठेवलं, आणि टोकांना जुना ऑइलपेंट फासला. लाकूड टोकाकडून लवकर वाळतं, म्हणून तिथंच आधी तडकतं. उन्हात मात्र वाळवू नका, सावली आणि वारा पाहिजे.

कायद्याचं दोन ओळींत. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि गोल पात्याच्या मशीनबद्दल केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. चिरलेल्या लाकडावर काम असेल, पट्टा-करवत नसेल आणि गोल पातं ३० सेंटीमीटरपेक्षा मोठं नसेल, तर आरा मशीनसारखा परवाना लागत नाही. आपल्या कामाचं दहा इंची पातं २५.४ सेंटीमीटरचं. तरीही वनपरिक्षेत्र कार्यालयात एकदा विचारून ठेवा, विचारायला पैसे लागत नाहीत.

जागा आणि लाईट

पहिला विचार होता शेड आखाड्यावर, विहिरीजवळ करायची. तिथं थ्री फेज आहे. पण दोन कारणांनी तो सोडला. एक, शेतीपंपाच्या जोडणीवर दुसरं यंत्र चालवणं हा २००३ च्या वीज कायद्यात अनधिकृत वापर धरला जातो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. शेतीची लाईट पाळीनं येते, एक आठवडा रात्रीची. रात्री दोन वाजता पाणी धरता येतं. रात्री दोन वाजता फिरत्या पात्यापुढं उभं राहायचं नसतं.

म्हणून शेड घराच्या परसात, घरगुती मीटरवर, भार वाढवून घेऊन. मशीन १८०० ते २००० वॉटची, म्हणजे आठ-नऊ अँपिअर. तुमचं मीटर लांब असेल तर तारेचा हिशोब करा. शेड १०० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन २०० मीटर तार. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ९ अँपिअरला १३ व्होल्ट वाटेतच खपतात. सहा चौरस मिलिमीटरची घेतली तर साडेपाच. आधीच आपल्याकडं संध्याकाळी १८०-१९० व्होल्ट असतात, त्यातले तेरा सोडून कसं चालेल?

शेड बारा बाय वीस फूट, पत्र्याची, खाली कोबा. त्यातली एकच गोष्ट सांगण्यासारखी. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडं आठ फूट आणि पलीकडंही आठ फूट मोकळं लागतं. म्हणून दार पात्याच्या सरळ रेषेत ठेवलं, लांब वासा आला तर त्याचं शेपूट बाहेर राहतं. कडब्याची गंज आणि कापूस शेडपासून लांब. वेगळं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. उजेडाला चांगले एलईडी. जुन्या चोकच्या ट्यूबलाईटखाली फिरतं पातं कधी कधी थांबल्यासारखं दिसतं, तो धोका कशाला.

कोणती मशीन?

माझ्यापुढं तीन पर्याय होते.

पहिला, चार इंची मार्बल कटर प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवायचा. पाच-सहा हजारांत काम होतं. पण त्याचं पातं लहान, टेबलाची जाडी सोडून वर जेमतेम इंच निघतं. वर झाकण नाही, पात्यामागं काही नाही आणि बटण टेबलाखाली दाबून अडकवलेलं. काही झालं तर हात टेबलाखाली घालून बटण शोधायचं.

दुसरा, बीडाची रंधा मशीन. एकाच शाफ्टवर रंधा आणि गोल पातं, पट्ट्यावर चालणारी दोन-तीन एचपीची मोटार. दणकट काम. मोटार जळाली तर गावात रिवाइंडिंग होतं. मन तिकडंच ओढत होतं. पण मी बघितल्या त्या मशीनींना पात्यावर झाकण नव्हतं, पात्यामागं पट्टी नव्हती. शिवाय इंडक्शन मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं पडतो. २३० च्या जागी १८० आले की जोर साठ टक्क्यांवर येतो, करंट वाढतो, मोटार तापते. पाण्याच्या मोटारीचं आपण हे दरवर्षी भोगतो.

तिसरा, कंपनीची दहा इंची टेबल सॉ, कार्बन ब्रशची मोटार, सिंगल फेजवर चालणारी. पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे एका बऱ्या गोऱ्ह्याची किंमत. तीन इंचांपर्यंत जाड लाकूड कापते. आवाज फार. कमी व्होल्टेजवर तीही दमते, पण चालू होते. रंधा मशीनच्या मानानं खेळणं वाटावं अशी. दुकानात उभा राहून मी दीड तास घोळत होतो, बीड का प्लास्टिक.

तेव्हा मी सुतारमामांना सोबत नेलेलं होतं.

मामांनी बघितली ती पट्टी

मामांना मोटारीत रस नव्हता. एचपी विचारला नाही, कंपनी विचारली नाही. डोळे जवळ नेऊन त्यांनी पात्याच्या मागं बोट लावलं. तिथं पात्याच्याच वळणाची एक पोलादी पट्टी उभी होती. मला म्हणाले, "बापू, ही तर पाचर हाय की!"

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचे वडील मोठा आरा ओढायचे. लाकूड उंचावर बांधायचं, एक माणूस वर, एक खाली. हातभर चिरलं की फटीत पाचर ठोकायची, नाहीतर लाकूड करवत आवळून धरतं. लाकडाच्या अंगात ताण असतो. वाऱ्याला वाकून वाढलेली बाभूळ चिरताना उघडते किंवा मिटते. मिटली की करवत अडकते. हातकरवत अडकली तर माणूस घाम पुसतो, पाचर मारतो, परत लागतो. यंत्राचं पातं अडकत नाही. ते लाकूडच उचलून माणसाच्या अंगावर फेकतं.

हे मी नंतर गणित करून बघितलं. दहा इंची पात्याचा घेर सुमारे ऐंशी सेंटीमीटर. मिनिटाला ३६५० फेरे धरले तर दात ताशी १७५ किलोमीटरनं धावतात. पात्याचे पुढचे दात खाली येतात, लाकूड टेबलावर दाबतात. मागचे दात वर जातात. मिटलेली फट त्या मागच्या दातांवर बसली की फळी त्या वेगानं उलटी येते. आणि फळी सुटली की ढकलणारा हात पुढं, पात्यावर जातो. बोटं जातात ती बहुतेक अशी. ती पट्टी पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि कापाच्या फटीपेक्षा किंचित पातळ असते, फट मिटूच देत नाही.

मामांच्या डाव्या हाताची दोन बोटं नाहीत, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कशी गेली हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी दुकानात त्यांनी स्वतःच सांगितलं. चाळिशीत परगावी एका रंधा मशीनवर कामाला होते. बाभळीचीच फळी होती. "पाचर मारायची हे मला ठाऊक होतं बापू. बापानं शिकवलेलं. पण मशीनला पाचर कुठं मारावं? मला वाटलं मशीनला लागत नसंल." झाकण होतं म्हणाले, भिंतीला खिळ्यावर टांगलेलं. कामात आडवं येतं म्हणून.

मी तिसरी मशीन घेतली.

अमेरिकेत तर याच्याही पुढची मशीन निघाली आहे. स्टीव्ह गॅस नावाच्या माणसानं १९९९ मध्ये युक्ती काढली, बोट पात्याला लागताच मशीनला विजेतून कळतं आणि पाच मिलिसेकंदांत पातं थांबतं. ती आपल्या बजेटची नाही. पण तिथंही टेबल सॉच्या अपघातांनी वर्षाला सुमारे तीस हजार माणसं दवाखान्यात जातात, म्हणून ती निघाली. आपल्याकडं मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार इतके वाढले होते की १९८३ मध्ये केंद्राला धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. कडबाकुट्टीचं तर प्रत्येक गावाला एक तरी उदाहरण आहे. यंत्र बदलतं, कारण तेच. झाकण खिळ्यावर असतं.

दुकानात करायच्या तपासण्या

१. पात्यामागं पट्टी आहे का, आणि पातं वर-खाली केलं की तीही सोबत वर-खाली होते का.

२. ऑटोची तपासणी. मशीन चालू करा, भिंतीवरचं मेन बटण बंद करा, मशीन थांबली की परत मेन चालू करा. मशीन आपोआप फिरली तर घेऊ नका. पाण्याच्या मोटारीला आपण हौसेनं ऑटो लावतो, लाईट आली की मोटार सुरू. करवतीला ऑटो म्हणजे यमाला किल्ली देणं. लाईट जाते, आपण पात्याजवळची ढलपी काढायला हात घालतो, आणि लाईट येते.

३. आडपट्टी, जिला टेकवून फळी सरकवायची ती, पात्याला पुढं आणि मागं सारख्या अंतरावर आहे का. मागं अंतर कमी पडलं तर तीच फळीला पात्यावर दाबते.

४. पातं. लांबीत चिरायला २४ दातांचं, आडवं कापायला आणि प्लायला ६० चं. बाभळीला २४ चं लागतं. जास्त दातांनी लाकूड जळतं, काळी रेघ उमटते.

शेडच्या दारावर लिहिलेलं

खडूनं लिहिलं होतं, आता पेंटनं लिहिलंय.

दोनशे व्होल्टच्या खाली मशीन बंद. बोर्डावर व्होल्टमीटर लावलाय.

दस्ती, शेला, हातमोजे, लांब बाह्या काढून आत यायचं. बूट घालूनच यायचं.

फळीच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूला उभं राहायचं.

पात्यापासून वीतभर अंतर राहिलं की हात मागं आणि ढकलकाठी पुढं.

गोल फांदी या मशीनवर नाही. ती गरगर फिरते.

तोंडाला मास्क. लाकडाची बारीक धूळ कर्करोग करते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ती पहिल्या गटात टाकली आहे.

भुशाबद्दल कृषीवाले मित्र विचारतीलच. लाकडाच्या भुशात कर्ब भरपूर, नत्र नावाला. सरळ रानात टाकला तर कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो आणि पीक पिवळं पडतं. मी तो गोठ्यात बैलांखाली अंथरतो, मूत पिऊन उकिरड्यावर जातो, वर्षानं शेणखत. प्लायचा भुसा मात्र वेगळा ठेवतो, त्यात चिकट रसायनं असतात.

खरं सांगायचं तर

टेबल सॉनं रुमणं होत नाही. चौकोनी वासा होतो, तोही सरळ आणि मापात. पुढचं वेज पाडणं किकऱ्यानं, मुठीची गोलाई वाकसानं. ते मला मामांनी शेडमध्ये स्टुलावर बसून शिकवलं. हात माझे, नजर त्यांच्या बोटांची. चाचपून सांगायचे, "इथं अजून एक ढलपी काढ." मशीननं दोन तासांचं काम दहा मिनिटांवर आणलं, बाकीचं काम आहे तेवढंच आहे. ज्याला वर्षात दोन रुमणी लागतात त्यानं मशीन घेऊ नये, हातकरवत पुरते. मी गव्हाणीच्या फळ्या, दाराची चौकट, कांद्याच्या चाळीच्या पट्ट्या हे सगळं धरून हिशोब केला होता.

आणि एक. सुतारकी हाच ज्यांचा धंदा आहे त्या घरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना आहे, १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली. आपला मुक्तिदिनाचाच दिवस, म्हणून तारीख लक्षात राहते. प्रशिक्षण, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजानं कर्ज. नोंदणी सीएससी केंद्रावर. माझ्यासारख्या शेतकऱ्यासाठी ती नाही. मामांच्या मुलाला मी फोन करून सांगितलंय. अजून "बघतो" म्हणतोय.

यंदा कोळपणीच्या आधी मी रुमणी तीन केली. एक औताला, दोन शेडच्या भिंतीवर. माझं एकही मोडलं नाही, असंच असतं. पण परवा दिवस मावळताना शेजारच्या शिवारातला एक जण मोडकं रुमणं घेऊन आला. सकाळी वापसा होता, घाई होती. "दादा, दहा मिनिटांचं काम हाय, चालू करा की मशीन." व्होल्टमीटर बघितला, १८५. मी नाही म्हणालो. त्याचा चेहरा पडला.

मग भिंतीवरचं एक काढून त्याच्या हातात दिलं.

तुमच्याकडं बाभूळ किती दिवस पाण्यात ठेवतात, की ठेवतच नाहीत? जाणत्यांनी सांगावं. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर तेही सांगा. आणि मशीनचं झाकण सध्या कुठं आहे, पात्यावर का खिळ्यावर, ते आज संध्याकाळी एकदा बघून या.

राम राम.